टेप लावलेलं कार्ड

आधीच सांगते, ही ऐकीव गोष्ट नाही. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा. पण ज्या पोरीच्या बाबतीत हे घडलं ती माझी मावसबहीण आहे, आणि शेवटचा भाग तर माझ्याच घरात घडलाय.

मी एसटीत कंडक्टर आहे. संभाजीनगर–कन्नड गाडीवर माझी उमेदीची वर्षं गेली. मिसरूड फुटलेल्या पोराचं अर्धं तिकीट मागणारे, पास घरी विसरणारे, 'पुढच्या फाट्यावर उतरतो' म्हणून शेवटपर्यंत बसून राहणारे… सगळे नग बघून झालेत. खोटं बोलणारा माणूस मला त्यानं तोंड उघडायच्या आधी कळतो. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

नव्हता म्हणते. आता काय म्हणावं ते मला कळत नाही.

आणि हो, रात्रीची वाट बघू नका. यात रात्र नाहीच. जे झालं ते मागच्या उन्हाळ्यात झालं, भर दुपारी, डोक्यावर ऊन टळटळत असताना. जागा पडेगाव. शहर संपून दौलताबादच्या रस्त्याला लागलं की लागतं ते.

माझी मावसबहीण अपेक्षा तिथं एका तीन मजली इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. नवरा सम्यक. पैठण गेटच्या आतल्या गल्लीत त्याचं जुने लॅपटॉप दुरुस्त करायचं दुकान आहे. पोरगा कामसू, निर्व्यसनी, बोलायला गोड. स्थळ मीच सुचवलं होतं, म्हणून मला हे सगळं जरा जास्तच लागतं.

अपेक्षा घरबसल्या काम करायची. पुण्याच्या एका कंपनीकडून आवाजाच्या फायली यायच्या. त्या हेडफोन लावून ऐकायच्या आणि मराठीत टाइप करायच्या. त्यासाठी सम्यकनं तिला दुकानातला एक जुना लॅपटॉप तयार करून दिला. नेहमीची सिस्टीम त्याच्यावर नुसती रांगायची, म्हणून त्यानं लिनक्स टाकलं. लिनक्स म्हणजे फुकट मिळणारी, कुणालाही आत हात घालता येईल अशी सिस्टीम. हे मला त्यानंच समजावलेलं. जुन्या मशीनवर लई पळते म्हणे.

सगळं पळालं. वायफाय तेवढं चालेना.

लिनक्स त्या लॅपटॉपमधलं वायफायचं कार्ड ओळखायलाच तयार नव्हतं. सम्यक दुकानातून आला की तेच घेऊन बसायचा. मोबाइल वायरनं जोडून ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या फायली, उतरवायचे, काळ्या पडद्यावर काहीबाही टाइप करायचं, बंद करून चालू करायचं… परत तेच. ताटातली भाजी निवून जायची.

"अहो, लग्न माझ्याशी केलंय का त्या कार्डाशी?" अपेक्षा चिडवायची.

एका रविवारी दुपारी त्यानं दुकानातून एक डबा आणला. भंगारात आलेल्या लॅपटॉपमधून काढून ठेवलेली वायफायची कार्डं होती त्यात. त्यांच्या धंद्यात हे रोजचंच. मेलेल्या मशीनमधलं जे चालू असेल ते काढायचं आणि जिवंत मशीनला लावायचं. कुणाचं होतं, कुठून आलं, कोण विचारतो?

त्यानं डब्यात हात घातला आणि एक हिरवं कार्ड बाहेर काढलं. आगपेटीच्या अर्ध्याएवढं. अपेक्षाला नंतर आठवलं, त्यानं शोधलं नाही… सरळ उचललं.

कार्ड लावलं आणि लिनक्सनं ते तिथल्या तिथं ओळखलं. ड्रायव्हर नाही, काही नाही.

एकच अडचण राहिली. त्या लॅपटॉपच्या कडेला वायफाय चालू-बंद करायचं सरकतं बटण होतं, ते मोडून 'बंद'वरच अडकलेलं. कार्ड चालू झालं रे झालं की बटण त्याला बंद करायचं. मग सम्यकनं या लोकांची एक युक्ती केली. कार्डाच्या एका बारीक पिनेवर पिवळ्या टेपची चिंधी चिकटवली. बटणाकडून 'बंद हो' असा हुकूम त्या पिनेतून येतो. पिन झाकली की हुकूम कार्डापर्यंत पोचतच नाही.

"आता हे कुणाच्या बापाच्यानं बंद होणार नाही," सम्यक म्हणाला.

हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा.

दोन-चार दिवस बरे गेले. मग एका दुपारी लाइट गेली. उन्हाळ्यात पडेगावला दुपारची लाइट जाते, त्यात नवल काही नाही. राउटरचा दिवा विझला. नेट गेलं. अपेक्षानं हेडफोन काढायला हात वर नेला…

आणि थांबली.

कानात आवाज येत होता.

कट… कट… कट…

पंख्याचा आवाज. पातं वाकडं झालेला जुना पंखा फिरतो ना, तसा.

तिनं वर बघितलं. पंखा थांबलेला होता. लाइटच नव्हती तर फिरणार कसा?

तिनं पडद्याकडं बघितलं. खालच्या कोपऱ्यात वायफायचं चिन्ह होतं. सगळ्या काड्या भरलेल्या. लॅपटॉप कुठल्या तरी नेटवर्कला आपोआप जोडला गेला होता.

नाव होतं… संस्कृती.

आता तुम्ही म्हणाल, पोरगी घाबरली असेल. मुळीच नाही. बाईच्या डोक्यात भूत आधी येत नाही, सवत आधी येते.

तिनं हिशेब असा केला. नावापुढं कुलपाचं चिन्ह आहे, म्हणजे नेटवर्कला पासवर्ड आहे. लॅपटॉप न विचारता जोडला गेला, म्हणजे तो पासवर्ड कुणीतरी आधी टाकलेला आहे. मी टाकलेला नाही. मग या लॅपटॉपला हात लावणारं दुसरं कोण आहे?

संध्याकाळी जेवताना तिनं भाजी वाढता वाढता विचारलं, "संस्कृती कोण हो?"

सम्यकच्या हातातला घास हातातच राहिला.

"कोण संस्कृती?"

"लॅपटॉपला तिचं वायफाय आलं होतं दुपारी. आपोआप."

"असेल कुणा शेजाऱ्याचा हॉटस्पॉट. उघडा असला की जोडला जातो."

"कुलूप आहे त्याला."

तो म्हणाला, "मग सिस्टीममध्ये जुनं काहीतरी राहिलं असेल. पुसून टाकतो."

तसाच उठला, हात धुतले आणि तिच्यासमोर बसून लॅपटॉपमधलं होतं नव्हतं ते सगळं पुसलं. लिनक्स नव्यानं टाकलं. "बघ, कोरी पाटी," म्हणाला.

सगळं पुसलं त्यानं. कार्डाला मात्र हात लावला नाही. आणि नंतरही एका शब्दानं विचारलं नाही की हे नाव वाचून तुला काय वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत लाइट गेली.

कट… कट… कट…

संस्कृती. काड्या फुल्ल. त्या कोऱ्या पाटीवर.

अपेक्षाची तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं उघडा लॅपटॉप तसाच हातावर घेतला आणि निघाली. वायफायची रेंज लांब गेलं की कमी होते आणि जवळ गेलं की वाढते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. जिथं काड्या जास्त, तिथं ही बया राहत असणार.

स्वयंपाकघरात काड्या फुल्ल.

गॅलरीत फुल्ल.

जिना चढून गच्चीवर गेली. फरशी पाय भाजून काढत होती, वाळत घातलेल्या कुरडयांशिवाय तिथं चिटपाखरू नव्हतं. तरी फुल्ल.

मग सगळे मजले उतरून खाली आली, पार गेटपर्यंत… एक काडी कमी झाली नाही.

जिन्याच्या तोंडाशी सावलीला चंपाबाई गहू निवडत बसली होती. तळमजल्यावर राहते ती. इमारतीत कोण आलं, कोण गेलं, हे तिच्या नजरेतून सुटत नाही.

"मावशी, आपल्या बिल्डिंगमध्ये संस्कृती नावाची कुणी राहते का?"

"नाय बाई. का गं?"

"असंच."

चंपाबाईनं एक खडा बाजूला टाकला. "तुमच्याकडं ती पोरगी येती ना दुपारची, तिचं नाव काय? मला वाटलं तुझी नणंद हाय."

"कोण पोरगी?"

"आगं, ती पाठीला बॅग लावलेली. मान खाली घालून वर जाती. एकदा हटकलं बी मी, पण बोलली नाय." चंपाबाईनं सूप खाली ठेवलं. "लाइट गेली का येती बघ. आन् एक सांगू का… वर जाताना दिसती. उतरताना मला कवाच दिसली नाय."

यातलं शेवटचं वाक्य अपेक्षाला ऐकूच आलं नाही. तिनं एवढंच ऐकलं की पोरगी येते. गुरुवारी आपण छावणीच्या बाजाराला जातो. सम्यक कधीमधी दुपारी जेवायला घरी येतो. झालं, सगळं जुळलं.

त्या संध्याकाळी घरात जे भांडण झालं ते चंपाबाईनं खालपर्यंत ऐकलं म्हणे. सम्यकनं आईची शपथ घेतली. कुणी पोरगी येत नाही म्हणाला, मी कुठल्या संस्कृतीला ओळखत नाही म्हणाला. शेवटी म्हणाला, "संशयाला औषध नसतं, अपेक्षा."

सकाळी ती बॅग घेऊन पडेगावच्या स्टॉपवर उभी होती. माझीच गाडी होती.

तिला बघितलं आणि काय झालंय ते मला कळलं. माहेरी सणाला जाणारी बाई आणि भांडून जाणारी बाई, दोघी बॅग वेगवेगळी धरतात. तिला माझ्या शेजारच्या सीटवर बसवलं. तिकिटं फाडता फाडता, म्हणजे आता मशीनवर असतात ती, वेरूळ येईपर्यंत मी सगळं ऐकून घेतलं.

"एक सांग," मी म्हटलं, "खोटं बोलणारा माणूस नेहमी चार शब्द जास्ती बोलतो. सम्यक जास्ती बोलला का?"

ती विचार करून म्हणाली, "नाही. जेवढ्यास तेवढंच बोलले."

"मग खरं बोलतोय तो. चार दिवस राहा मावशीकडं, डोकं शांत कर आणि गुमान परत जा. सोन्यासारखा संसार असा वायफायपायी मोडतात का?"

"ताई, मला तो मोडायचा नाही गं," ती म्हणाली आणि रडायला लागली. "मला फक्त खरं काय ते कळू दे."

माझी साळूमावशी, म्हणजे अपेक्षाची आई, कन्नडच्या अलीकडं फाट्यावरून आत शेतातल्या वस्तीवर राहते. पत्र्याचं घर. पुढं गोठा, मागं कपाशीचं रान. सगळ्यात जवळचं दुसरं घर नाल्याच्या पलीकडं. मोबाइलला रेंज हवी असेल तर गोठ्याच्या दगडावर चढून उभं राहावं लागतं, तेव्हा कुठं बोलणं होतं. वायफाय हा शब्द तिथं कुणाच्या कानावरून गेला असेल तर टीव्हीत.

अपेक्षानं कामाच्या फायली आधीच उतरवून आणल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आत खाटेवर लॅपटॉप घेऊन बसली. मावशी बाहेर सावलीत शेंगा फोडत होती. लाइट गेली. टेबलावरचा छोटा पंखा थांबला. घरात दुसरा पंखा नव्हता.

फाइल संपली. कानात शांतता झाली.

मग…

कट… कट… कट…

तिनं हळूच खालच्या कोपऱ्यात बघितलं.

संस्कृती. काड्या फुल्ल.

आणि काय सांगू, पोरगी हसली! खरंच हसली. हेडफोन काढून फेकले, धावत बाहेर गेली, गोठ्याच्या दगडावर चढली आणि मला फोन लावला. मी कन्नडच्या स्टँडवर चहा पीत होते.

"ताई! त्यांची काही चूक नाही गं! शेजारी-बिजारी कुणी नाही, बाई-बिई कुणी नाही! अगं, इथं पण तेच दिसतंय!" हसत पण होती, रडत पण होती. "मी उगाच त्यांना नाही नाही ते बोलले!"

मीसुद्धा हसले. "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

मग चहाचा घोट घेता घेता माझ्या डोक्यात आलं.

"अपे… तिथं वस्तीवर कुणाचं वायफाय आहे?"

पलीकडून नुसता वारा ऐकू येत होता. मग फोन कट झाला.

पुढचं तिनं मला नंतर सांगितलं. जसं सांगितलं तसंच लिहिते.

ती आत गेली. लॅपटॉप खाटेवर तसाच उघडा होता. तिनं कडेचं बटण दाबून बघितलं, ओढून बघितलं. उपयोग नव्हता. पिनेवर टेप होती, हुकूम पोचणार कसा? मग तिनं सिस्टीममध्ये जाऊन वायफाय बंद केलं. चिन्ह विझलं.

आणि तिच्या डोळ्यांदेखत परत उजळलं.

तिनं परत बंद केलं.

परत उजळलं.

मग तिनं ते केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. लिनक्समध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर गेलं की साठवलेला पासवर्ड बघता येतो. आधी नुसते ठिपके दिसतात. 'पासवर्ड दाखवा'वर टिचकी मारली की ठिपक्यांची अक्षरं होतात.

तिनं टिचकी मारली.

इंग्रजी अक्षरं. सगळी एकाला एक जोडून. पण शब्द मराठीच होते.

सम्यक येईल.

ती ते वाचत होती… पुन्हा पुन्हा वाचत होती… तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की हेडफोन तर मघाच खाली फेकलेत. तारेसकट जमिनीवर पडलेत.

आवाज मात्र येत होता.

कट… कट… कट…

तिच्या पाठीमागून.

बाहेरून मावशीची हाक आली, "आगं अपेक्षा, तुझी मैत्रीण आलीय ना, तिला पाणी तरी दे. लई उन्हाची आलीय लेकरू."

"कोण… कोण मैत्रीण, आई?"

"ती काय, आत्ता आत आली की तुझ्या मागं. बॅगवाली."

त्या खोलीला एकच दार आहे.

अपेक्षानं मागं वळून बघितलं नाही. मी तिला विचारलं होतं, का नाही बघितलंस? ती म्हणाली, "ताई, बघितलं असतं तर मला कळलं असतं ती कशी दिसते. मग मी आयुष्यभर त्यांच्या तोंडाकडं बघून तिचाच विचार केला असता."

मावशीच्या शिलाई मशीनचा पेचकस खिडकीत होता. तिनं लॅपटॉप उलटा केला, मागचे स्क्रू काढले, झाकण उचकटलं आणि ते टेप लावलेलं कार्ड उपटून काढलं. ते गरम होतं. तव्यावरून काढल्यासारखं.

आवाज थांबला.

मावशी तांब्या घेऊन दारात उभी होती. "गेली व्हय? पाणी बी न पिता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी गाडी फाट्यावर थांबली तेव्हा अपेक्षा पळत आली. माझ्या हातात एक आगपेटी कोंबली. आत ते कार्ड होतं.

"ताई, हे तुझ्यापाशी ठेव. कुणाला बोलू नको. आईलापण मी सांगितलेलं नाही."

"नाल्यात फेकून दे की, बये! माझ्याकडं कशाला?"

"नाही. एक दिवस मला त्यांना हे दाखवून विचारायचंय. आत्ता धीर होत नाही."

ड्रायव्हर हॉर्न मारत होता, गाडीतली माणसं कुरकुरत होती. मी आगपेटी पिशवीत टाकली आणि डबल बेल दिली. घरी आल्यावर माझी जुनी पत्र्याची तिकीटपेटी आहे, मशीन यायच्या आधीची, तिच्यात ती आगपेटी ठेवली आणि पेटी कपाटात, साड्यांच्या मागं. हे मी कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

त्याच दिवशी सम्यक मोटारसायकल मारत वस्तीवर आला. मावशीला जय भीम केला, पाया पडला, खाटेवर बसला, पाणी प्याला. अपेक्षा समोर उभी. लॅपटॉप तिनं परत बंद करून, स्क्रू लावून, बॅगेत ठेवून दिला होता. बॅग फळीवर होती.

भांडून गेलेल्या बायकोला नवरा काय विचारतो? कशी आहेस, राग गेला का, चल घरी. काहीतरी असंच ना?

सम्यकनं विचारलं, "कार्ड कुठंय?"

पोरगी हुशार. म्हणाली, "चुलीत टाकलं."

तो चुलीकडं बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला.

"बरं केलंस," म्हणाला.

आणि ती त्याच्यामागं गाडीवर बसून परत आली. नावं ठेवू नका. काय करणार होती? संशयावर काही काडीमोड मिळत नाही. कोर्टात काय सांगणार, वायफायनं सांगितलं म्हणून? आणि माणूस तिला आवडतो हो. तो तिला कधी टाकून बोलला नाही, कधी हात उचलला नाही.

आम्ही दोघी फोनवर बसून उत्तरं शोधतो. सम्यक नावाची पोरं आपल्यात काय कमी आहेत? एका गल्लीत चार सापडतील. भंगारातला लॅपटॉप कुण्या पोरीचा असेल, तिची कुण्या दुसऱ्याच सम्यकची वाट बघून झाली असेल. आणि कार्ड काढलंय हे त्याला कसं कळलं? असंच कळलं असेल. धंदाच तो आहे त्याचा, येईल मनात. अशी एकेक उत्तरं सापडतात. ती सगळी एकत्र ठेवली की मात्र नीट बसत नाहीत.

ती संस्कृती कोण, जिवंत आहे की नाही, मी चौकशी केली नाही. करावीशी वाटली, पण केली नाही.

आता शेवटचं.

सम्यकनं लॅपटॉपला दुसरं कार्ड लावून दिलंय. चांगलं चालतं. अपेक्षाला दिवस गेलेत. परवा सम्यक माझ्याकडं आला होता, ती गोड बातमी सांगायला. मी सुट्टीवर होते. घरात एकटीच. दुपारची वेळ.

त्यानं पेढ्यांचा पुडा ठेवला. चहा झाला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. माझ्या मनात आलं, काय वेड्या आपण, कसा सालस पोरगा आहे!

आणि लाइट गेली.

पंखा हळूहळू थांबला. घर एकदम शांत झालं.

"रेंज बघतो जरा, ताई, दुकानात फोन करायचाय," म्हणत सम्यकनं खिशातून मोबाइल काढला. समोर धरला आणि उठला.

खिडकीपाशी गेला. नाही, अशी मान हलवली.

स्वयंपाकघराच्या दारात गेला. नाही.

मग वळला… मोबाइलकडं बघत… एकेक पाऊल टाकत… आतल्या खोलीत गेला. मी त्याच्या मागं गेले.

तो माझ्या कपाटासमोर येऊन थांबला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "इथं फुल्ल येतंय."

"काय… काय येतंय?"

तो माझ्याकडं बघून हसला. मोबाइल खिशात ठेवला. "काही नाही. शेजाऱ्यांचं वायफाय असेल."

जेवढ्यास तेवढं बोलला. एक शब्द जास्ती नाही. उभी हयात मी माणसांची तोंडं वाचण्यात घालवली, पण त्या हसण्यात भीती होती की आनंद होता, ते मला अजून सांगता येत नाही.

शेजारची खोली रिकामी आहे. खाली किराणा दुकान, त्याला वायफाय नाही. माझ्या घरात तर कधीच नव्हतं.

कपाट उघड म्हणाला नाही तो. चपला घातल्या, दारात वळला. "येतो, ताई," म्हणाला. निघताना आपल्याकडं सगळेच येतो म्हणतात, जातो कुणी म्हणत नाही. पण मला त्या पोरीचा पासवर्ड आठवला आणि मी दाराला कडी लावून घेतली.

संध्याकाळी अपेक्षाचा फोन आला. खुशीत होती. बाळाचं बोलली, डोहाळ्यांचं बोलली. मग आवाज खाली आणून विचारलं, "ताई, आगपेटी आहे ना जपून?"

"आहे," मी म्हटलं. बाकी काही सांगितलं नाही. पोटुशी पोर आहे, काय सांगू तिला?

आगपेटी अजून तिथंच आहे. टाकायला गेले की वाटतं, टाकली तर ती बिचारी त्याला विचारणार कशाच्या जोरावर? ठेवली तर…

आता दुपारी लाइट गेली की मी आतल्या खोलीत थांबत नाही. जिन्यात जाऊन बसते. पण तिथपर्यंत ऐकू येतं. कपाटातून, साड्यांच्या मागून, अगदी बारीक.

कट… कट… कट…